भांडण आगीपाण्याचं नाही, नळाचं आहे

पिक्सारचा ‘एलिमेंटल’ हा 2023 सालचा ॲनिमेशनपट तुम्ही पाहिला नसेल, तर तुमच्या घरातल्या मुलांनी नक्की पाहिला असेल. आगीच्या घरातली मुलगी, पाण्याच्या घरातला मुलगा, दोन्ही घरांच्या रीतीभाती वेगळ्या, त्यातून उडालेले खटके आणि शेवटी मनोमिलन. आम्हा शिक्षक मंडळींत हा चित्रपट फार लाडका आहे. सुट्टीतल्या शिबिरात दाखवायला बरा, कुणाच्या भावना दुखावत नाहीत, आणि शेवटी तात्पर्यही आयतं मिळतं : संस्कृती वेगवेगळ्या असल्या तरी सर्वांनी मिळूनमिसळून राहावं.

या तात्पर्यावर माझा आक्षेप आहे. मिळूनमिसळून राहायला माझा विरोध कसा असेल? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, माझं सगळं आयुष्य दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर गेलं आहे. आक्षेप आहे तो ‘संस्कृतींचा संघर्ष’ या शब्दांवर. या चित्रपटातल्या दोन कुटुंबांमध्ये जे काही बिनसलं आहे, त्याचं मूळ संस्कृतीत नाही. ते कुठे आहे हे चित्रपटाने स्वतःच दाखवलं आहे, आणि दाखवून झाल्यावर आपली नजर हळूच दुसरीकडे वळवली आहे. आपण टाळ्या वाजवतो त्या या नजर वळवण्याला.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. बर्नी आणि सिंडर हे आगीचे नवराबायको. वादळात त्यांचं होतं नव्हतं ते जातं आणि ते आपला देश सोडून एलिमेंट सिटी नावाच्या महानगरात येतात. सिंडर गरोदर आहे. शहराच्या दारातल्या अधिकाऱ्याला त्यांची मूळ नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून तो त्यांना नवी, सोपी नावं देऊन टाकतो. मग भाड्याच्या घराचा शोध. एकामागून एक दारं बंद होतात. अखेर एका पडक्या इमारतीत ते बिऱ्हाड करतात, स्वतःच्या हातांनी ती डागडुजी करून उभी करतात आणि तिथेच ‘फायरप्लेस’ नावाचं दुकान थाटतात. देशाहून आणलेली निळी ज्योत त्या दुकानात अखंड तेवत असते. आजूबाजूला हळूहळू आगीच्या लोकांची वस्ती होते, तिचं नाव फायरटाउन. मुलगी एम्बर मोठी होते ती एकच गोष्ट ऐकत : हे दुकान एक दिवस तुझं.

एक दिवस दुकानाच्या तळघरातला पाइप फुटतो आणि पाण्यासोबत वेड नावाचा पाण्याचा तरुण आत येऊन पडतो. हा वेड महापालिकेचा निरीक्षक. तो रडत रडत, पण नेमाने, दुकानातल्या बेकायदा कामांची यादी करतो आणि वर पाठवतो. दुकान बंद पडायची वेळ येते. ते वाचवण्यासाठी एम्बर आणि वेड एकत्र येतात आणि प्रेमात पडतात. मग मुलीच्या वडिलांचा राग, मुलाच्या घरचं जेवण, पूर, वेडचं वाफ होऊन नाहीसं होणं आणि परत येणं, असं सगळं यथासांग होतं.

दिग्दर्शक पीटर सोन यांनी यात स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली आहे. त्यांचे आईवडील कोरियाहून न्यूयॉर्कला आले. वडिलांनी ब्रॉन्क्स भागात किराणा दुकान चालवलं. आजीने मरताना नातवाला बजावलं होतं की लग्न कोरियन मुलीशीच कर, आणि नातवाने लग्न केलं ते बिगर-कोरियन मुलीशी. सोन यांनी हे मुलाखतींतून सांगितलेलं आहे. चित्रपटातली आजीही जाताना नातीकडून हेच मागते : आगीतच लग्न कर. अमेरिकेत हा चित्रपट पहिल्या आठवड्यात फारसा चालला नाही, पण दक्षिण कोरियात 70 लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. तिथल्या लोकांनी बर्नीला लगेच ओळखलं. मीही ओळखलं. आपल्या मोहल्ल्यात असे बर्नी पावलोपावली आहेत.

म्हणून तर मला हे लिहावंसं वाटलं. खरी गोष्ट माणसांची होती, तिचं आगपाणी का केलं?

रूपक म्हणजे रूपक, असं कुणी म्हणेल. पण रूपक निवडताना माणूस त्यासोबत बरंच काही घरात आणतो. आग खरोखरच झाड जाळते. पाणी खरोखरच आग विझवतं. चित्रपटात लहानगी एम्बर वडिलांचा हात धरून गार्डन सेंट्रल स्टेशनावर एक दुर्मिळ फूल पाहायला जाते आणि दारावरून हाकलली जाते, कारण आगीला प्रवेश नाही. अपमान बघून आपल्या पोटात कालवतं. पण त्या जगाचा नियम घेतला, तर त्या पहारेकऱ्याचं फार चुकलं काय? आत झाडंपानं आहेत आणि दारात ज्वाळा उभी आहे. भेदभावाचा इतका सज्जड बचाव खऱ्या जगातल्या कुठल्याही पहारेकऱ्याला कधी मिळाला नव्हता. सोन यांचे वडील ज्या दुकानात उभे असत तिथे त्यांच्या हाताने कुणी गिऱ्हाईक भाजलं नाही. कोरियन माणूस शेजारी राहायला आल्याने कुणाचं घर पेटलं नाही.

शेवटी एम्बर आणि वेड हातात हात घेतात, वाफ होते, पण दोघं शाबूत राहतात, हे मला माहीत आहे. पण ते घडतं चमत्कारासारखं. मुलाच्या डोक्यात राहतं ते असं की हे दोघे मुळात वेगळ्या द्रव्याचे होते, प्रेम फार मोठं म्हणून निभावलं. म्हणजे प्रेम साधारण असेल, नुसती शेजारधर्माची ओळख असेल, तर निभावणार नाही!

‘मुळातच वेगळे’ हा युक्तिवाद अमेरिकेत नुसता गप्पांत नव्हता, तो कोर्टात होता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याने 1958 साली वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. तो गोरा, ती गोरी नव्हे. व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याने तो गुन्हा होता, आणि त्यांना राज्याबाहेर जावं लागलं. पुढे 1965 साली तिथल्या न्यायाधीशाने लेखी मत दिलं, त्याचा सारांश असा : देवाने वंश वेगळे घडवले, त्यांना वेगवेगळ्या खंडांत ठेवलं, त्याअर्थी त्यांची सरमिसळ व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती. निसर्ग, देव, मूळ द्रव्य, सगळं त्या मतात आहे. 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे रद्द केले. म्हणजे ज्याला निसर्ग म्हटलं जात होतं तो एक कागद होता आणि तो कागद फाडता आला. आगपाण्याच्या रूपकात हा कागदच दिसेनासा होतो.

आता संस्कृतीकडे येऊ. चित्रपटात आगीच्या लोकांना एक खास भाषा आहे. डेव्हिड पीटरसन आणि जेसी सॅम्स या भाषातज्ज्ञांकडून ती मुद्दाम घडवून घेतली गेली. आगीच्या लोकांना उच्चाराची ढब आहे, तिखटजाळ खाणं आहे, निळ्या ज्योतीची श्रद्धा आहे, धुरावरून प्रेम जुळणार की नाही हे सांगणारी सिंडर आहे, थोरांसमोर जमिनीपर्यंत वाकून करायचा सलाम आहे. खूप मायेने रंगवलं आहे हे सगळं. मग पाण्याच्या घरी चला. तिथे काय आहे? उंच इमारतीतला प्रशस्त फ्लॅट आहे, उत्तम वस्तू आहेत, मोकळेपणाने रडणारी प्रेमळ माणसं आहेत. पण पाण्याची भाषा कुठे आहे? पाण्याची पूजा, पाण्याची ढब, पाण्याची आजी मरताना काय म्हणाली, ते कुठे आहे? नाही. पाण्याचे लोक सरळ शहराची भाषा बोलतात, कारण ती त्यांचीच आहे. त्यांच्या रीतीला रीत म्हणत नाहीत, नुसतं ‘असतं’ म्हणतात.

हे सगळीकडे असंच चालतं. ज्याच्या हातात शहर, त्याची राहणी म्हणजे सर्वसाधारण राहणी. नंतर आला, किंवा नंतर आला असं ज्याच्याबद्दल ठरवलं गेलं, त्याच्याजवळ मात्र ‘संस्कृती’. मग संघर्ष झाला की तो त्याच्या संस्कृतीमुळे झाला असं म्हणणं किती सोपं!

त्या जेवणाच्या प्रसंगात वेडचे हॅरॉल्डमामा एम्बरचं कौतुक करतात की तू किती स्वच्छ, स्पष्ट बोलतेस. एम्बर त्यांना सुनावते की जन्मभर हीच भाषा बोलत आले तर येणारच ना. थिएटरात लोक हसतात. मी हसले नाही. हे कौतुक मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकते आहे. "तुमचं मराठी किती शुद्ध हो! कुठे शिकलात?" बीएडच्या वर्गात ऐकलं, पेपर तपासायला गेले तिथे ऐकलं, बँकेच्या रांगेत ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हॅरॉल्डमामांच्याही नाही. पण प्रश्नाचा अर्थ एकच असतो : ही भाषा तुमची नसणार, तुम्ही ती मेहनतीने मिळवली असणार.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी गळा फुटेस्तोवर गायले. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे जाणकार. आमच्या घरात दखनी बोलतात, आणि त्या दखनीतला ‘नक्को’ हा शब्द कुठून आला ते मराठी माणसाला सांगायला नको. तरीही प्रश्न तोच. त्यामुळे एम्बरच्या त्या एका वाक्याला मी मनापासून दाद दिली. पण पुढे काय होतं ते बघा. हॅरॉल्डमामांचं बोलणं हशात विरतं, आणि त्याच जेवणात एक काचेचं भांडं फुटतं. एम्बर आपल्या उष्णतेने ते पुन्हा घडवून देते. सगळे थक्क. वेडची आई ब्रूक तिला काचेच्या कारागिरीची मोठी संधी मिळवून द्यायचं मनावर घेते.

छान झालं, मुलीच्या हुनराचं चीज झालं. पण त्या घरात तिला जागा मिळाली ती कशाच्या जोरावर? ती कामाची निघाली म्हणून. आगीच्या वस्तीत सगळ्यांच्या हातात असा हुनर असतो असं नाही. कुणी साधं दुकान चालवतं, कुणी काहीच करत नाही, कुणी नुसता म्हातारा झालेला असतो. त्यांनी कुठलं भांडं जोडून दाखवायचं? आपल्याकडेही एखाद्या कलाम साहेबांचं, एखाद्या शहनाईवाल्या उस्तादांचं नाव घेऊन हाच हिशेब मांडला जातो. असे असाल तर तुम्ही आमचे. माणूस शेजारी असायला त्याने आधी असामान्य असावं लागतं, ही अट पाण्याच्या घराला कधी कुणी घातलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नळाची.

फायरटाउनवरून पाण्याची रेल्वे धावते आणि खालच्या वस्तीवर पाणी सांडत जाते. आगीच्या माणसाला पाणी म्हणजे मरण, तरी मार्ग तिथूनच आखला आहे. शहराच्या कालव्याचं एक दार तुटलेलं आहे, त्यातून पाणी वस्तीच्या पाइपांत शिरतं. आणि ते पाणी ज्याच्या तळघरात शिरतं त्या बर्नीच्या नावाने नोटिसा निघतात, कारण त्याने पाइप परवानगीविना दुरुस्त केलेत. कुणी भाड्याने घर देईना, तेव्हा पडक्या घराचे पाइप त्याने स्वतः जोडले, हा त्याचा अपराध! वेडची वरिष्ठ अधिकारी गेल हिची अट काय, तर गळती शोधा आणि शुक्रवारपर्यंत बंद करा, मग तुमचं प्रकरण मिटवते. शहराचा कालवा, शहराचं दार, शहराची हलगर्जी. दुरुस्ती कोण करणार? ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची मुलगी. एम्बर वाळूची पोती रचते, ती पुरत नाहीत तेव्हा वाळू वितळवून काचेची भिंत घालते. अधिकारी येऊन पाहते, पसंत करते, फाइल बंद. पुढे ती काच तडकते आणि अख्खं फायरटाउन पाण्याखाली जातं. वेड मरता मरता वाचतो, निळी ज्योत वाचते, बापलेकीचं मनोगत होतं, सगळ्यांचे डोळे पाणावतात.

आणि कालव्याचं काय? तिकडे चित्रपट पुन्हा फिरकत नाही. चौकशी नाही, भरपाईचा शब्द नाही, महापालिकेचं कुणी येऊन चूक झाली म्हणत नाही. पुराचं रूपांतर प्रेमाच्या परीक्षेत होतं. जो प्रश्न नगररचनेचा होता तो बर्नीच्या रागीटपणाचा होऊन बसतो. मनोमिलनासाठी बदलावं कुणी लागतं, तर बर्नीने. त्याने दुकानाचा हट्ट सोडावा, पाण्याचा जावई पत्करावा. शहराने काही सोडल्याचं मला दिसलं नाही.

त्या फुलाचंही तसंच. मोठी झालेली एम्बर अखेर ते फूल पाहते. कशी? बंदी उठली म्हणून नाही. ते स्टेशन आता पाण्यात बुडून ओस पडलं आहे, आणि वेडच्या ओळखीतून गेल तिला हवेचा फुगा करून देते, त्यात बसून ती जाते. दृश्य अप्रतिम आहे. पण सरळ मराठीत सांगायचं तर तिचं काम ओळखीने झालं. फाटकावरच्या पाटीचं काय झालं, कुणी विचारत नाही.

खऱ्या न्यूयॉर्कमध्ये, खऱ्या ब्रॉन्क्समध्ये माणसामाणसांतलं अंतर संस्कृतीने नव्हे, कागदाने आणि सिमेंटने आखलं होतं. अमेरिकेत घरांच्या खरेदीखतांत अट असे की हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही. अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली सांगितलं. घर देताघेता भेदभाव करायला मनाई करणारा देशव्यापी कायदा आला 1968 साली. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर गरीब आणि काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, तिथे कर्ज देणं धोक्याचं म्हणून. ब्रॉन्क्सच्या पोटातून वस्त्या पाडत एक महामार्ग नेला गेला, त्याचं काम 1948 साली सुरू झालं, त्यासाठी हजारो कुटुंबं उठवली गेली. आशियातून माणसांनी येण्यावरचे कडक निर्बंध सैल झाले तेही 1965 च्या कायद्याने. या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे. आगीला आणि पाण्याला तारीख नसते, म्हणून ते रूपक शहराला सोयीचं पडतं.

आपल्याकडचाही हिशेब असाच कागदावर मांडता येतो. 2005 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सहकारी संस्थेला आपलं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला. घर दाखवणारा एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, आणि मग "सोसायटीचा नियम आहे मॅडम" म्हणतो, तेव्हा तो संस्कृतीबद्दल बोलत नसतो. आणि दोन धर्मांतल्या दोघांना 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल, तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते, कुणालाही वाचता येते. एम्बर आणि वेडला अशी नोटीस लागली असती, तर बर्नीच्या आधी अख्ख्या फायरटाउनला कळलं असतं, आणि दोन्हीकडून कोण कोण दारात आलं असतं, ते इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सगळा दोष पाण्यावर आणि शहरावर टाकताय, बर्नी काय धुतल्या तांदळासारखा आहे? मुळीच नाही. बर्नी पाण्याच्या गिऱ्हाइकावर संशयाने डोळा ठेवतो. वेडला ते तिखट खाणं सोसेना, म्हणून तो त्यात थोडं पाणी मिसळतो, तर बर्नी पेटून उठतो. आपल्या खाण्यात पाणी घातलं म्हणजे आपल्याच वंशात पाणी घातलं असं त्याला वाटतं. ती आजी शेवटच्या श्वासाला नातीवर ओझं टाकून जाते. आणि एम्बरला दुकान नको आहे हे त्या घरात कुणाला दिसत नाही, कारण विचारायची पद्धतच नाही.

हा बर्नी मी पालकसभेत दर वर्षी भेटते. "टीचर, मुलगी हुशार आहे, पण आमच्यात चालत नाही." दहावीला मराठीत वर्गात पहिली आलेली मुलगी मान खाली घालून शेजारी उभी असते. आमच्यात म्हणजे कुणात? इस्लाममध्ये? तिथे इल्म मिळवणं फर्ज आहे. मग बिरादरीत, गल्लीत, चुलत्यांच्या धाकात. लग्नाचं विचाराल तर धर्माची गोष्ट दूरच, एकाच मशिदीत एका सफेत नमाज पढणारे दोघे बिरादरी वेगळी म्हणून सोयरीक करत नाहीत. तिथेही कारण सांगतात ‘आपली तहजीब’. शहर जसं संस्कृतीच्या नावाने आपली जबाबदारी टाळतं, तसा बाप संस्कृतीच्या नावाने मुलीचं म्हणणं ऐकणं टाळतो. शब्द एकच, पळवाट एकच.

पण दोन्ही दोष एका मापाचे नाहीत, हे मला ठासून सांगायचं आहे. बर्नी चिडला तर वेडला दुकानाबाहेर जावं लागतं. शहराने दुर्लक्ष केलं तर बर्नीची वस्ती बुडते. एकाच्या हातात एक दुकान आहे, दुसऱ्याच्या हातात पाण्याचा दरवाजा. ‘दोघांनीही थोडं थोडं समजून घ्यावं’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यात हा फरक पुसला जातो. बर्नीचा राग कमी व्हायला हवा, जरूर. मात्र तो राग कमी झाल्याने पाइप दुरुस्त होत नाही.

लहान मुलांचा चित्रपट आहे, त्याला एवढं ताणू नका, असंही सांगतील. मी उलट म्हणते. मोठ्यांच्या चित्रपटाशी वाद घालायला मोठी माणसं समर्थ आहेत. नऊ वर्षांचं मूल जे बघतं ते त्याच्या आत जाऊन बसतं. ज्या वर्गात एक मूल वेडच्या घरातून आलंय आणि दुसरं बर्नीच्या, त्या वर्गात ‘तुम्ही आग, आम्ही पाणी’ हा खेळ मधल्या सुट्टीत सुरू व्हायला किती वेळ लागतो? आणि त्यात आग कोण होणार, हे आधीच ठरलेलं असतं.

या चित्रपटातली एक गोष्ट मात्र मला जपून ठेवावीशी वाटते. बर्नी आपला देश सोडताना वडिलांसमोर जमिनीपर्यंत वाकून सलाम करतो आणि वडील तो परत करत नाहीत. ते दुःख त्याने आयुष्यभर वागवलं. शेवटी एम्बर जायला निघते, वडिलांना तसाच सलाम करते, आणि बर्नी वाकून तो परत करतो. बापाने मुलीला बरोबरीचा मान दिला. हा बदल कुणी बाहेरून येऊन शिकवला नाही, आगीच्याच रीतीत त्याची जागा होती, ती एका माणसाने वापरली. संस्कृती बदलते ती अशी, आतून, तिच्याच शब्दांत. आपल्या घरातल्या बर्नींना दाखवावं ते हे दृश्य.

बाकी राहिलं शहर. त्याला कुणाहीपुढे वाकून सलाम करायची गरज नाही. त्याने कालव्याचं दार बसवावं, रेल्वेखाली पत्रा लावावा, बागेच्या फाटकावरची पाटी काढावी, आणि घर विचारायला आलेल्या गरोदर बाईला आधी नाव विचारू नये. एवढं केलं तर आगीच्या आणि पाण्याच्या घरातली भांडणं राहतील, पण ती सासूसुनांइतकी, शेजारपाजाऱ्यांइतकी, खाण्यात मीठ कमी की जास्त एवढीच.

तेव्हा शिक्षक बंधूभगिनींनो, चित्रपट जरूर दाखवा. फक्त तो संपल्यावर ‘काय शिकलात’ असं विचारू नका, ते उत्तर मुलांना पाठ आहे. त्याऐवजी असं विचारा : बर्नीला घर कोणी नाकारलं? गळती कोणाच्या कालव्याची होती? दुरुस्ती कोणी केली आणि कोणी करायला हवी होती? एम्बरला दुकान हवं का, हे तिला कोणी कधी विचारलं? सिंडरचं आईबापांनी ठेवलेलं खरं नाव काय होतं? आणि हा शेवटचा प्रश्न विचारून झाल्यावर जमलं तर आपला हजेरीपट उघडून बघा, कुणाकुणाची नावं आपण आपल्या सोयीने लिहून ठेवली आहेत.